सविताताईंच्या ओट्याचा फोटो

केडगावात घर घ्यायचं असलं की फौजी लोक सविताताईंना फोन करत. त्यांचे यजमान रणगाड्यांच्या पलटणीत होते. ते गेल्याला सहा वर्षं झाली, पण पलटणीतली माणसं ताईंना विसरली नव्हती. नोकरी सीमेवर, सुट्टी चार महिन्यांनी. तोवर चांगलं घर हातचं जाणार. मग ताई घराचे फोटो काढत आणि जवान ते मोबाईलवर बघून होकार कळवत. ओल असेल तर ताई ओलीचा फोटोही घेत.

कागदपत्रं आणि फोटो पाठवणं कानिफनाथांकडे होतं. ते यजमानांच्याच तुकडीतले, निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. ताईंना वहिनी म्हणत, ताई त्यांना भाऊजी.

गेल्या वर्षी एक गोष्ट ताईंच्या मनाला लागली. एका सुभेदाराच्या बायकोनं फोटो बघून शोकेस बनवून घेतलं आणि ते खोलीत मावेना. तिनं कोणाला बोल लावला नाही, पण ताईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. मोबाईलचं असंच होतं. साधा फोटो काढला तर अर्धीच खोली येते आणि रुंद काढला तर खोलीचं मंगल कार्यालय होतं. म्हणून त्या नगरात रंगनाथांच्या दुकानात गेल्या.

"छोटा कॅमेरा?" रंगनाथ चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "ताई, आता बारशाचे फोटो मोबाईलवर आणि लग्नाला तोफेएवढा कॅमेरा. मधलं कोणी मागतच नाही."

"मला तोफ नको. बाथरूमच्या कोपऱ्यात उभं राहून काढता आला पाहिजे. आणि खोली आहे तेवढीच दिसली पाहिजे."

"आहे तेवढीच? घरं विकणारे तर मोठी दाखवणारा मागतात."

"ते त्यांचं ते बघतील."

रंगनाथांनी कपाटातून वापरलेले दोन छोटे कॅमेरे काढले. "दोन्ही घरी न्या, एक दिवस वापरून बघा. एकच कार्ड देतो, आलटून पालटून घाला."

घरी येऊन ताईंनी स्वयंपाकघर लख्ख केलं आणि ओट्याच्या एका टोकाला पिठाचा डबा ठेवला. पहिल्या कॅमेऱ्यात आठ फुटांचा ओटा बारा फुटांचा वाटला आणि कडेचा डबा भोपळ्यासारखा फुगला. दुसऱ्यात डबा डब्यासारखाच राहिला, मात्र सगळा ओटा यायला मागे पॅसेजमध्ये सरकावं लागलं. ताईंनी टेप लावून खात्री केली आणि दुसरा ठरवला.

"वहिनी, पहिला घ्या," फोटो बघून कानिफनाथ म्हणाले. "किचन कसं हॉलसारखं दिसतंय!"

"तेच तर नको. किचन किचनसारखं दिसू द्या."

"गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे. येऊन रडण्यापेक्षा बरं."

"बरं बाबा," ते हसले. "तुम्ही साहेब, आम्ही जवान!"

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतला फ्लॅट विकायला निघाला. नकाशा ताईंच्या घराचाच, पण तीन वर्षं बंद. स्वयंपाकघरात खिडकीखाली ओल धरली होती, ओट्याची फरशी सुटली होती. ताईंनी अकरा फोटो काढले, त्यातले तीन नुसत्या ओलीचे. तेच कार्ड कानिफनाथांना दिलं. आसामात नेमणुकीवर असलेल्या हवालदार बजरंगनं घर पसंत असल्याचं कळवलं, इसाराचे पैसेही पाठवले.

सहीसाठी त्याची बायको ज्ञानेश्वरी पाथर्डीहून एसटीनं आली. आधी ताईंकडे चहा झाला. कप विसळायला म्हणून ती आत गेली आणि तिथूनच ओरडली, "ताई, ह्यो तर माझा ओटा हाय!"

ताई हसल्या. "अगं, दोन्हीकडचा नकाशा एकच आहे."

"न्हाई ओ, ही द्राक्षं बघा की!"

ओट्यामागे पांढऱ्या फरश्यांत एकच फरशी द्राक्षांच्या घडाची होती. जुनी फुटली तेव्हा गवंड्याला तीच मिळाली होती. ज्ञानेश्वरीनं मोबाईल पुढे केला. "मला तर ह्या द्राक्षांपायीच घर लई आवडलं."

ताईंनी फोटो सरकवत पाहिले. हॉल त्या फ्लॅटचा. मोरी त्या फ्लॅटची. स्वयंपाकघर मात्र त्यांचं स्वतःचं, कडेला फुगलेल्या डब्यासकट. ओलीचा फोटो एकही नव्हता.

त्यांनी कानिफनाथांना बोलावून घेतलं.

"किचनच तर बदललं, वहिनी," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "बाकी सगळं खरंय. रंग मारला की तेही असंच दिसेल."

"माझं घर दाखवून तिला दुसरं विकलंत?"

"अहो, तुमच्या नावावर आहेरासारखी गिऱ्हाइकं येतात. चार घरं जास्त गेली तर बिघडलं कुठं?"

"ती आपलीच माणसं आहेत, भाऊजी. तुमच्याच पलटणीची."

ज्ञानेश्वरी पुढे आली. "फोटो कुनी काढला, ताई?"

"मी."

"घर कुनाचं?"

"माझं."

"मग ह्यास्नी काय बोलता? दोघं मिळूनच केलंय तुमी." तिनं पिशवी उचलली. ताईंनी तिचा हात धरायला पाहिलं, तिनं तो सोडवून घेतला.

कानिफनाथही उठले. "तुमच्या मालकांबरोबर चौदा वर्षं एका ताटात जेवलोय मी."

"म्हणूनच तर या घरात येत होतात," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडं धरलं.

मग त्यांनी बजरंगला फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, इसार परत मिळेल असा शब्द दिला.

"ताई, तुमचं नाव सांगून मी आमच्या पलटणीतल्या कल्याणला तुमच्याकडं पाठवलं होतं. त्याला आता काय सांगू?"

"त्याला मीच सांगते."

कल्याणच्या घराचे फोटो जुन्या मोबाईलवर ताईंनीच काढले होते. ते तरी नीट गेले असतील, असं मनाशी म्हणत त्यांनी नंबर फिरवला.

"नमस्कार ताई!" पलीकडून खुशीतला आवाज आला. "पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. मंडळी म्हणते, आधी गॅलरीत तुळस लावायची. काय गॅलरी आहे हो, एकदम झकास!"

"कल्याण, त्या घराला गॅलरी नाही."

तो मोठ्यानं हसला. "काय ताई, चेष्टा करता गरिबाची!"

ताईंनी तेच वाक्य पुन्हा, अधिक सावकाश म्हटलं.