चार ॲक्सलचा हट्ट

पॉलिटेक्निकमध्ये मी बावीस वर्षं मुलांना तुळया शिकवल्या. तुळईवर वजन कुठे ठेवलं की कोणत्या टेकूवर किती भार येतो, हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं निदान मला वाटायचं. त्यामुळे नोकरी सोडून अवजड मालाच्या वाहतुकीत पडायचं ठरवलं, तेव्हा भीती अशी वाटलीच नाही. ट्रेलर म्हणजे तरी काय, चाकं लावलेली तुळईच.

नवऱ्याला हे सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत पेपर वाचत होता. पेपर खाली न घेता म्हणाला, "आणि लावणार कुठे? माझ्या स्कूटरशेजारी?"

जागा विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला मिळाली. ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, जिला या धंद्यात घोडा म्हणतात, ती मी जुनीच घेतली. तिच्यावरचे ड्रायव्हर माझ्याकडेच राहिले. वाघोलीकडचे, पंचावन्नच्या आसपासचे, उभा जन्म जड माल ओढण्यात गेलेला. मी त्यांना मामा म्हणायचे आणि ते मला मॅडम.

ट्रेलर मात्र मला नवा हवा होता, माझ्या मनासारखा. भोसरीत ट्रेलर बांधून देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे मामा आणि मी गेलो.

"तीन ॲक्सल टाकू ना?" त्यांनी विचारलं. ॲक्सल म्हणजे चाकं ज्याच्या टोकांना बसतात तो आडवा दांडा.

"चार. आणि एकमेकांपासून लांब लांब. भार नीट पसरतो."

"मग चौथा उचलता येईल असा करू. माल हलका असला की वर घ्यायचा."

"उचलून ठेवायचा तर लावायचा कशाला?" मी म्हणाले आणि पर्समधून आलेखाचा कागद काढला. त्यावर चार रंगांत चार रेषा होत्या. गृहस्थांनी तो आदराने पाहिला आणि परत दिला.

मामा मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, सरळ रस्त्याला चार ब्येस हाय. पण वळताना काय करायचं?"

"मामा, वळण्याचा या आकड्यांशी काही संबंध नाही."

खरंच नव्हता. मी वळण हिशेबात धरलंच नव्हतं.

पहिला माल मिळाला तो एका कारखान्याची रिकामी टाकी, चाकणहून रांजणगावला न्यायची. दिसायला अवाढव्य, पण आतून पोकळ. साडीवर पिवळं चमकतं जॅकेट चढवून मी मामांच्या शेजारी बसले. हमरस्त्यावर ट्रेलर इतका डौलात चालला होता, की मी मामांना दोनदा "बघा" म्हणाले. मामांनी दोन्ही वेळा मान हलवली.

कारखान्याकडे वळायचा रस्ता आला. घोडा वळला, ट्रेलर वळेना. लांब लांब बसवलेली चारही ॲक्सलची चाकं सरळच जाऊ बघत होती आणि डांबरावरून आडवी फरफटत होती. जळक्या रबराचा वास सुटला. मग केवढा तरी आवाज झाला आणि अगदी मागचं एक टायर रिमवरून उतरलं. पुढे जाता येईना, मागे घेता येईना. दोन्हीकडची वाहतूक थांबली.

एक गृहस्थ स्कूटर बंद करून माझ्यापाशी आले. "ताई, सोफा घेताना दाराचं माप घेतलं होतं का?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. टाकीला दार असतं तर आत जाऊन बसले असते.

मामांनी शेवटच्या ॲक्सलखाली जॅक लावला आणि साखळी काढली. "ह्या चौथ्याला वर बांधून टाकतो. माल हलका हाय, तिनांवर जाईल."

"जाईल ना?"

"तुमीच सांगा की. मास्तरीण तुमी."

मी मालाच्या चलनाच्या पाठीवर हिशेब केला. तीन ॲक्सलना तो भार खिजगणतीतही नव्हता. हे गणित मला भोसरीतही येत होतं. चौथा ॲक्सल साखळीने टांगून, इंचाइंचाने पुढेमागे करत मामांनी ते वळण काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मामांसाठी होत्या, हे कळण्याइतकी अक्कल तोवर आली होती.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "पोचलं?"

"पोचलं."

"सगळ्या चाकांनिशी?"

आठवड्याने ट्रेलर भोसरीला नेला. टांगलेल्या साखळीकडे बघून त्या गृहस्थांनी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला, "चौथा उचलता येईल असा करू?" मी "करा" म्हणाले.

दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी मी शहाणपणा करून आधी मामांना विचारलं, "किती ॲक्सल घ्यायचे?"

"माल कंचा न्यायचाय?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग ॲक्सल कसं ठरवायचं, मॅडम?"

पुढचे पंधरा दिवस आम्ही कारखाने हिंडलो. काय पाठवणार, वजन किती, फाटक कुठे, हे मी विचारायचे. मामा प्रत्येक कोपऱ्यावर उतरून पावलांनी रस्ता मोजायचे. शेवटी ट्रेलर तीन ॲक्सलचा झाला, एकमेकांजवळ बसवलेल्या. तो ठरवण्यात माझा वाटा काय, असं कोणी विचारलं तर मी खरं ते सांगते. मी वही धरली होती.