दाराची शिट्टी

आमचे भावोजी डेंटिंगवाले. अपघातात चेपलेल्या गाड्या सव्वीस वर्षं ठोकून सरळ करत आलेत, आणि माणसंही त्याच पद्धतीनं सरळ होतात असा त्यांचा ठाम समज. गॅरेजात त्यांना सगळे हातोडा म्हणतात. मी तिथंच रंगकाम करतो. कानात कापसाचे बोळे घालून काम करणारा कुणी दिसला की भावोजी म्हणणार, "बांगड्या भर की!" स्वतः उघड्या कानांनी दिवसभर धडाधड ठोकत बसायचे. हात मात्र सोन्याचा, हे त्यांचा वैरीसुद्धा कबूल करील.

तोच हात माझ्या ताईवर पडायचा. कारण काय, तर "काही विचारलं की उत्तर देत नाही, माज आलाय हिला." एकदा तिचा ओठ फुटला, एकदा मनगट मोडलं. ताईचा आवाज मुळातच बारीक. मला वाटायचं, भीतीनं तिची दातखीळ बसत असेल. दोनदा मी भांडायला गेलो, दोन्ही वेळा तिनंच हात जोडून मला परत पाठवलं. आणि मीही मुकाट्यानं परत आलो, लाज वाटते सांगायला. त्यांच्याच गॅरेजात माझं पोट होतं ना.

मग गावातल्या शाळेच्या एका मास्तरांची गाडी आली. ट्रकनं घासून गेल्यामुळं ड्रायव्हरच्या शेजारचं दार पार आत गेलेलं. भावोजींनी ते असं काही उठवलं की मास्तर खूश होऊन गेले, आणि चार दिवसांनी कपाळाला आठ्या घालून परत आले. ऐंशीच्या वर गाडी गेली की दार शिट्टी मारतं म्हणाले. भावोजींनी सांध्यावरून तळहात फिरवला आणि निकाल दिला, "मनाचे खेळ आहेत." मास्तर दुसऱ्यांदा आले तेव्हा दाराचं रबर बदलून दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मीच म्हटलं, चला, चक्कर मारून बघू.

मास्तर गाडी चालवत होते, भावोजी शेजारी त्याच दाराला टेकून, मी मागं. काटा नव्वदवर गेला आणि अशी शिट्टी सुरू झाली की माझे दात शिवशिवले. भावोजींच्या कानापासून वीतभर अंतरावर वाजत होती ती.

"ऐकलंत?" मास्तरांनी विचारलं.

"काय ऐकायचंय?"

मास्तर बिचारे हसले. "अहो, बहिरे आहात का काय?"

झालं! भावोजींनी धावत्या गाडीत त्यांच्या कानाखाली काढली. गाडी भेलकांडली, मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी चाटून गेला, आणि आम्ही कसेबसे कडेच्या खडीवर थांबलो. भावोजी उतरले, पलीकडं गेले, मास्तरांना कॉलरला धरून बाहेर ओढलं आणि बॉनेटवर आपटलं. चष्मा बुटाखाली चिरडला. मी मध्ये पडलो तर कोपर माझ्याच तोंडावर बसलं. तुटका दात हातावर थुंकला तेव्हा माझं टाळकंच सटकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर हात उचलला. पोटात असा गुद्दा हाणला की हातोडा खडीवर बसला.

मग मी खिशातला एक कागद दाराच्या फटीत धरला, दार लावलं आणि कागद ओढला. दार घट्ट असेल तर कागद अडकतो, जोर केला तर फाटतो. हा सुळकन निघून आला. वरच्या कोपऱ्यात चौकट जराशी बाहेर राहिली होती.

"आवाज होता!" मी ओरडलो. "गाडीत तिघं होतो, दोघांना आला. बारीक आवाज तुम्हाला येतच नाही!"

ते त्या कागदाकडं बघत राहिले. तोंड पांढरंफटक. आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. ताई उत्तर देत होती. दर वेळी देत होती!

मास्तरांचे पाय धरले, दाराला गुडघा लावून चौकट आत वाकवून दिली, आणि संध्याकाळी तसाच सुजल्या तोंडानं ताईकडं गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. तिच्या मनावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनावरचं तर उतरलंच होतं.

"ताई, अगं त्यांना ऐकूच येत नव्हतं. त्यांना वाटायचं, तू तोंड शिवून बसलीस."

ताईनं हातातली घडी पूर्ण केली.

"मी हात आडवे धरायचे," ती म्हणाली. "ते तर दिसत होतं ना?"

तिनं त्या घड्यांतून स्वतःचे तेवढे कपडे वेगळे काढले, पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली.