फिर्यादी समोरच्या घरात

आमच्या मजल्यावर दोनच घरं, दारं समोरासमोर. माझ्यावर गुन्हा दाखल करणारी बाई समोरच्या घरात राहायची, आणि केस चालू असतानाही तिथंच राहत होती.

भांडण पाण्यावरून झालं. मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट करून चिखलीला घरी आले, तर तिनं जिना धुऊन सगळं घाण पाणी माझ्या दाराशी लोटलेलं. मी बोलले, तीही बोलली, आवाज चढले. ती रागानं वळली, ओल्या फरशीवर पाय घसरला आणि पायऱ्यांवरून खाली गेली. तिला धरायला मी हात पुढे केला होता. तिचं मनगट मोडलं. कण्हत कण्हत तिनं नवऱ्याला सांगितलं, हिनं ढकललं.

पोलीस ठाण्यातून एक महिला शिपाई नोटीस घेऊन आली. तिनं नीट समजावलं की अटक करत नाही, पण चौकशीला बोलावलं की यायचं, आणि फिर्यादीला किंवा साक्षीदारांना धमकी, आमिष, वचन काही द्यायचं नाही. कलम गंभीर दुखापतीचं होतं. शिक्षा किती, असं मी विचारलं. ती म्हणाली, सात वर्षांपर्यंत. पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती.

त्या दिवसापासून घरात एका जागी बसवेना. बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायचा, समोरची कडी वाजली की थांबायचं. कंपनीची बस दोनदा चुकली. तिच्याशी बोलायचंच नाही, असाच मी नोटिशीचा अर्थ घेतला होता. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. तीही तसंच करायची. तिच्या हाताला प्लास्टर, पिशवी दुसऱ्या हातात. ती घ्यावीशी वाटायची आणि भीती वाटायची.

माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कोर्टात कबूल करून टाकलं की दंडावर सुटतं. तो रोज तेच घेऊन बसायचा. मी म्हणायचे, न केलेलं कबूल कसं करू? तो म्हणायचा, तुझ्या खरेपणापायी आमचं डोकं फिरायची वेळ आलीय.

बाईमाणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो, हे मला कोर्टातच कळलं. मिळालेल्या वकीलबाई माण गावच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. कोर्टात एकदम शुद्ध बोलायच्या, बाहेर आल्या की गावचं. आधी आरोपपत्राची प्रत मागून घेतली. मग म्हणाल्या, "ताई, कबूल केलं की तुम्ही गुन्हेगार. मग दंड का तुरुंग, ते जजसाहेब ठरवणार. गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारी वकिलाचं हाय, तुमचं न्हाई."

हे ऐकून बरं वाटलं, पण झोप काही आली नाही.

एका दुपारी मी घरी एकटी होते. दार लोटलेलं. समोरच्या बाईची म्हातारी सासू सरळ आत आली आणि पलंगावर बसली. तिला विसरायला व्हायचं. आपलं घर समजूनच आली असणार. पाणी मागितलं. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. हिला पाणी दिलं तर ते आमिष होईल का? शेवटी वकीलबाईंना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी म्हातारीला पाणी द्या. आणि खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी साक्षीला वर बोलवून घ्या."

मी तसंच केलं. खालच्या काकू येऊन बसल्या. म्हातारी दोन भांडी पाणी प्यायली. थोड्या वेळानं फिर्यादी शोधत दारात आली, सासूला पाहिलं, मग मला. सासूला हाताला धरून घेऊन गेली.

आरोप वाचून दाखवले त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आरोप समजला? गुन्हा कबूल आहे?" "कबूल नाही," एवढंच बोलले. मागच्या बाकावर नवऱ्यानं डोकं धरलं. मग तारखांमागून तारखा. प्रत्येक तारखेला रजा, सुपरवायझरची तिरकी नजर, आणि पुढची तारीख घेऊन परत.

फिर्यादीची साक्ष झाली. आधी तिनं ढकलल्याचंच सांगितलं. उलटतपासणीत वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, ढकलताना पाहिलंत का? ती म्हणाली, नाही, माझी पाठ होती. मग कशावरून? पाठीला हात लागला होता. ढकलणारा की धरणारा? ती बराच वेळ मनगट चोळत राहिली.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

संशयाचा फायदा देऊन मला निर्दोष सोडलं. नवऱ्यानं वाटेत पेढे घेतले. माझ्या मनात मात्र तो 'संशय' शब्द रुतून बसला. वकीलबाईंना फोन करून विचारलं, म्हणजे मी ढकललं नाही असं कोर्ट म्हणालं का? त्या म्हणाल्या, पुरावा पुरला नाही एवढंच कोर्ट सांगतं, बाकी तुमचं तुम्हाला माहीत. मला माहीत होतं. पण तो हात मनात इतक्यांदा पुढे करून पाहिला होता, की कधी कधी मीच गोंधळायचे.

पुढे ते कुटुंब तळेगावला गेलं. सामानाचा टेम्पो भरला, तेव्हा मी दारातच होते. सासूला खाली नेऊन बसवून ती किल्ली घ्यायला परत वर आली. कुलूप लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "येते."

"या," मी म्हणाले.

आत आले आणि ओट्यावरची भांडी घासायला घेतली. ती सकाळीच घासून ठेवलेली होती, हे निम्मी झाल्यावर लक्षात आलं.