बोटी वर आल्या की

दर्शना गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसले होते. तिच्या धाकट्या जावेचा, पूर्वाचा फोन. "ताई गेली," एवढंच बोलली आणि रडायला लागली. त्याला आता महिना होऊन गेला. आजार कळल्यापासून हे होणार हे माहीत होतं, तरी चौतिसाव्या वर्षी कुणी जातं का, असंच मन म्हणत राहतं...

आम्ही दोघी नवापूरच्या, शाळेत एकाच बाकावरच्या. नोकरीसाठी मी सरावलीला राहायला आले. ती लग्न होऊन गावातच, चार घरं पलीकडे गेली. नवऱ्याची बोट होती. मासळी घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की मासळी पुन्हा टोपलीत टाकून गोड हसायची, "उद्या या, तुमच्या भावाची घेऊन येते." मैत्रीण म्हणून मला कधी एक बोंबील जास्त दिला असेल तर शपथ.

पावसाळ्यात बोटी वर ओढून शाकारल्या की तिच्या पडवीत जाळी पसरली जायची. धड दिसणारं जाळंसुद्धा ती बोटांतून सरकवत तपासायची. पूर्वा नवी सून म्हणून आली तेव्हा कंटाळून म्हणाली होती, "ताई, हे तर चांगलं हाय." त्यावर दर्शना म्हणाली, "फाटलेलं कोणाला पन दिसतं. चांगलं हाय तवाच बगायचं. भर दर्यात काय बगशील?" हे सगळं माझ्यासमोरच झालं होतं.

आमच्या कंपनीत बायकांची तपासणी झाली, त्यात गर्भाशयाच्या तोंडाचीही होती. थोड्या वेळाचं काम. त्याच संध्याकाळी मी तिला बाजारात गाठलं. तिशी ओलांडलीस, आरोग्य केंद्रात होते ही तपासणी, चल म्हटलं.

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नसतानाच करतात गं."

"बोटी वर आल्या की जाऊ."

बोटी वर आल्या. मी गेले, तर पडवीभर जाळी. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "बरी हाय की ती. जाळी काय मी एकटीनं बगायची?" मग नारळी पौर्णिमा आली, बोटी पाण्यात गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी विषय काढला की ती चिडवायची, "कंपनीत जाऊन डाक्तरीन झाली बग ही." पाळी नसताना अंगावरून जाऊ लागलं, तेव्हाही टोपल्या उचलून होत असेल म्हणाली. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा फार पसरलं होतं. "दोन-तीन वर्षांपूर्वी आला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मला राग येतो, अजून येतो. तिचा, सासूबाईंचा, त्या बोटींचासुद्धा. यंदाच्या पावसाळ्यात तिने हट्टाने एक जाळं सांधायला घेतलं, पण ते अर्धंच झालं. पुढे खाटेवर पडल्या पडल्या ती चादरीची कड बोटांतून सरकवत राहायची.

गेल्या आठवड्यात नवापूरला गेले. हंगाम भरात, बोट दुपारी यायची होती. सासूबाई चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या आणि पूर्वाला घाई करत होत्या.

"आज कुठे?" मी विचारलं.

"हिला तपासायला नेते."

पूर्वा कानकोंडी झाली. नुकतीच तिशी गाठली आहे तिने. "मला काय झालंय, आई? बोट येल आता. बोटी वर आल्या की..."

"गप," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट बसला. "मासळी कुजली तर कुजू दे. मला आता कोनाची वाट बगायची नाय."

मासळी उतरवून घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून मी थांबले. सासूबाईंनी पूर्वाचा हात धरला, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीला नेतात तसा, आणि दोघी रस्त्याला लागल्या. पडवीच्या कोपऱ्यात ते अर्धं जाळं अजून पडलेलं आहे. दर्शनाचा हात जिथे थांबला, तिथेच तिची सुई अडकली आहे, दोरा भरलेला तसाच. ती काढायचं अजून कोणाला झालेलं नाही.