साहेब म्हणाले, कलम करो

"दारोगा, इस झाड को पीलिया हुआ है क्या?"

नवे तालुकदारसाहेब छडी झाडाकडे रोखून उभे होते. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे पेशकार वामनराव, म्हणजे साहेबांपुढे कागद वाचून दाखवणारे, आणि सगळ्यांच्या मागे सखाराम माळी. झाडाची जणू पेशीच चालली होती.

बीडला तालुकदारांच्या बंगल्याची बाग माझ्याकडे होती. इंग्रजी मुलखात ज्याला कलेक्टर म्हणतात, त्याला आमच्या निजामी मुलखात तालुकदार म्हणतात. आणि दारोगा म्हटलं की लोकांना दंडुका आठवतो. मी बागेचा दारोगा. माझ्या हुकमतीत गुलाब, शेवंती आणि सखाराम. पैकी गुलाब आणि शेवंती ऐकत.

झाड कुसुमाचं, पण नव्या जातीचं. साधं कुसुम फाल्गुनात थोडे दिवस तांबडी पालवी मिरवतं आणि मग वर्षभर हिरवं. हैदराबादच्या एका बागेत बियांच्या रोपांतून हे एक निराळंच निघालं होतं. थंडीत पानं हळदीसारखी पिवळी, मग केशरी, आणि फाल्गुनात अशी लाल, की लांबून वाटावं बंगल्याला आग लागली. मागच्या साहेबांनी त्याचं एक कलम हौसेनं आणून लावलं. पुढे हैदराबादचं मूळ झाड वाळून गेलं. राहिलं ते हेच. बी पेरून ही जात मिळत नाही, बीतून साधंच कुसुम उगवतं. वाढवायची तर कलमच करावं लागतं, आणि त्याचा हुकूम मिळायच्या आत मागचे साहेब बदलून गेले.

"हुजूर, ये बीमार नहीं. ये उसका रंग है," मी म्हणालो.

"रंग? सुभेदारसाहब मुआइने को आ रहे हैं. उनके आने से पहले इसको कलम कर दो."

सुभेदार म्हणजे औरंगाबादचे, आमच्या साहेबांचे साहेब, ते फाल्गुनात तपासणीला यायचे होते. त्यांना कलमं नजर करायची असणार! मला इतका आनंद झाला की कावीळ कुठल्या कुठं विसरलो.

"हुजूर, कितना कलम करूँ?"

"पूरा! एक डाली नक्को छोडो."

एवढं बोलून साहेब गेवराईकडे थंडीतल्या लांब दौऱ्यावर गेले. आम्ही तिघं झाडाखाली राहिलो.

"दारोगासाब," सखाराम म्हणाला, "ह्यो सायब झाडाला बिमार म्हनतो, आन् त्याचीच पिल्लं मागतो. कावून?"

"मोठ्या लोकांचं असंच असतं."

वामनराव मान हलवत होते. "मला वेगळंच वाटतं. कलम म्हणजे कायद्याचं कलम. झाडावर काहीतरी लागू करायचं असेल."

"झाडावर?"

"मागच्या साहेबांनी लावलेलं आहे ना? मग होऊ शकतं."

मी कायदा वामनरावांकडे सोडला आणि कामाला लागलो.

आमच्या धंद्यात याला भेटकलम म्हणतात. कुंडीत वाढवलेलं साधं रोप घ्यायचं, तो खुंट. खुंटाची साल एका बाजूनं तासायची, चांगल्या झाडाच्या फांदीची तशीच तासायची, आणि दोघांना छातीशी छाती लावून घट्ट बांधायचं. जीव जडला की लग्न झालं. पालीच्या डोंगरातून सखारामानं आणलेली कुसुमाची रोपं कुंड्यांत तयार होतीच. पण फांद्या उंच आणि कुंड्या खाली, म्हणून झाडाभोवती बांबूची माचण बांधली. साहेबांनी एक डाली सोडू नको म्हटलेलं. मी नाही सोडली. फाल्गुन लागला तेव्हा झाड लालेलाल झालं होतं, अंगभर चिंध्या, काखेत कुंड्या, चहूबाजूंनी बांबू. एखादा नवरदेव तालमीत हातपाय मोडून घेऊन मांडवात उभा राहावा, तसं.

सुभेदार यायच्या आदल्या दिवशी साहेब परतले. घोड्यावरून उतरले ते उतरतानाच थांबले. एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर.

"ये क्या है?"

"हुजूर, कलम," मी छाती काढून म्हणालो. "एक डाली नहीं छोडी."

"मैं काटने को बोला था! तुम इसको पट्टियाँ बाँधे? दवाखाना खोले क्या जी?"

मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. अशा वेळी माणसाचा चेहरा उजळू नये.

"अरे दारोगा," ते कानाशी कुजबुजले, "उर्दूत सर कलम करना म्हणजे मुंडकं उडवणं! साहेबांना ते कलम म्हणायचं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा माझ्या डोक्यात कायदा होता."

"सखाराम, कुल्हाडी लाओ!" साहेब गरजले. "झाड गिरा दो. और दारोगा, झाड के पीछे तुम भी घर जाओ."

नोकरी जाणार याचं मला वाईट वाटलंच. पण जगातलं शेवटचं झाड माझ्याच हुकमतीत, माझ्याच चिंध्या अंगावर घेऊन पडणार, याचं जास्त. मी पाय धरले, सगळं सांगितलं. साहेब झाडाकडे पाठ करून उभे राहिले.

सखाराम कुऱ्हाड आणायला गेला. हा माणूस जेवायलासुद्धा हळू चालतो. एरवी मी त्याला यावरून रोज शिव्या घालायचो. त्या दिवशी तो कोपऱ्यावरून कुऱ्हाड घेऊन उगवला, आणि त्याच वेळी फाटकातून सुभेदारसाहेबांची बग्गी आत आली. एक दिवस आधी!

सुभेदार उतरले ते सरळ झाडापाशी. वर पाहिलं, चिंध्या पाहिल्या, कुंड्या पाहिल्या.

"ये क्या हो रहा है, तालुकदारसाहब?"

साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी एकच फुटला.

"हुजूर... कलम."

"माशाल्ला! ऐसे सूखे जिले में ऐसा रंग! और इतने कलम एक साथ? किसका खयाल है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"हुक्म मेरा था," साहेब म्हणाले. एक अक्षरही खोटं नव्हतं.

"और ये कुल्हाडी?"

सखारामानं कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"माचनीचा बांबू लई लांब झालाय सायब. छाटाया आनली."

सुभेदारांनी औरंगाबादसाठी दोन कलमं मागितली आणि ते चहाला आत गेले. साहेब त्यांच्यामागून गेले. माझ्या घरी जाण्याचा विषय त्या दिवशी राहिला, तो राहिलाच.

भेटकलमात शेवटचं काम कापण्याचं असतं. जीव जडल्यावर मूळ झाडाची फांदी जोडाखाली छाटायची, मग नवं झाड सुटं होतं. पाऊस पडून गेल्यावर मी ते काम काढलं, तेव्हा साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मी चाकू चालवला. पहिली कुंडी सुटली. साहेबांनी दाढीवरून हात फिरवला.

"हौ. अब हुआ कलम."

ते कुठलं कलम म्हणाले, मला आजही कळलेलं नाही. पण तेव्हापासून साहेबलोकांनी हा शब्द काढला की मी आधी नम्रपणे विचारतो, हुजूर, चाकू आणू की कुऱ्हाड? वामनराव म्हणतात, लेखणीही कलमच, त्याआधी दौतही विचारत जा.