कोपऱ्यातला लाल दिवा

कॅमेऱ्याच्या ज्या भिंगाला आम्ही डोळा लावतो, त्यात वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा असतो. बटण दाबलं की तो लागतो, म्हणजे चित्रण सुरू झालं. बेंगळुरूच्या वृत्तवाहिन्यांत जन्म काढला, पण त्या दिव्याकडे मुद्दाम कधी पाहिलं नाही. तो डोळ्याच्या कडेला असायचाच. एका सकाळी बेळ्ळंदूरच्या सांडपाण्यानं सडलेल्या तळ्याचा फेस वाऱ्यानं रस्त्यावर उडत होता, लोक छत्र्या आडव्या धरून चालले होते, मी बटण दाबलं आणि दिवा दिसेना. म्हणून पुन्हा दाबलं. तरी दिसेना, तेव्हा दिवाच गेलाय अशी समजूत घालून काम उरकलं.

ऑफिसात येऊन बघतो तर फेसाचा एक ठिपका नाही. होते ते माझे बूट, डांबर आणि ट्रॅफिकला घातलेल्या माझ्या शिव्या. दिवा पहिल्यांदाच लागला होता. दुसऱ्यांदा दाबून मी चित्रण बंद केलं होतं, आणि बंद करायला दाबलं तेव्हा ते सुरू झालं होतं. ही चूक आमच्या धंद्यात सगळेच पहिल्या महिन्यात करतात. माझ्या वयात कोणी करत नाही. सगळे पोट धरून हसले, आणि मी तावातावानं कॅमेरा उचलून बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्यानं बटण दाबलं, बघितलं आणि म्हणाला, “बत्ती तो जल रही है, साब.”

मी डोळा लावला. समोर त्याचं दुकान, मधोमध त्याचा चेहरा. दिवा नाही.

“कोने में देखो.”

मी नजर कोपऱ्यात नेली. होता की! लालभडक. नजर परत मधे आणली, दिवा गेला. पुन्हा नेली, आला. कॅमेरा धड होता, हे मला तिथंच कळलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मला व्हायचं होतं सिनेमाचा कॅमेरामन, झालो बातम्यांचा, पण दर शुक्रवारी नवा सिनेमा पाहिल्याशिवाय मला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. कन्नड, तमीळ, हिंदी, काहीही चालतं. बायको शेजारी असतेच. गेले काही महिने पडद्यावर उजवीकडून कोणी आलं की मी दचकत होतो. माणसं चालत येत नव्हती, एकदम उगवत होती. मी थिएटरवाल्यांना नावं ठेवत होतो, आणि बायको म्हणत होती, “एवढं काय घाबरता हो, हिरोच आहे तो.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा आजार नजर कडेकडेनं खातो आणि दुखत काही नाही. किती खाल्लंय ते कळायला एक तपासणी होती. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात बघायचं, नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कडेला कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. डोळा भिंगाला, बोट बटणावर. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

तपासणी वाया गेली. बटण दाबण्याआधी चौकटीचे चारी कोपरे तपासायचे, ही आमची सवय. माझी नजर सारखी कोपऱ्यांत पळत होती. तिथली बाई वैतागली, “सर, मधेच बघा, दिवा शोधू नका.” शोधू नका! आयुष्यभर मी दुसरं केलं काय? दोनदा केलं, दोन्हीदा तेच. खरं सांगायचं तर नुसती सवय नव्हती. मधे बघत राहिलो तर किती गेलंय ते कळेल, याची मला भयंकर भीती वाटत होती. दगडफेकीत, लाठीमारात शूटिंग केलं, तेव्हा असा घाबरलो नव्हतो.

तेव्हा मागे आमचा लाइटमन असायचा. मी त्याला अण्णा म्हणायचो. पुढाऱ्यासमोर उलटं चालत शूटिंग करताना तो माझा कमरेचा पट्टा मागून धरून मला ओढत न्यायचा. खड्डा, गटार, गर्दी सगळं तो बघायचा. पट्ट्यावर त्याची मूठ असली की माझी नजर मधून हलायची नाही. माझे सगळे पट्टे मागून सैल झालेले असायचे, आणि बायको त्यावरून चेष्टा करायची.

तिसऱ्या वेळी बायको आत आली. “मी स्वल्प मागं उभी राहू का?” तिनं आमच्या कानडीमिश्रित मराठीत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझा पट्टा मुठीत घट्ट धरला.

मी मधे बघितलं. यंत्र बारीक आवाज करत होतं, म्हणजे दिवे लागत होते. मला दिसत नव्हते. माझं बोट बटणावर तसंच पडून होतं. नजर कोपऱ्यात पळायला बघत होती, पट्टा आणखी आवळला. मी मधेच बघत राहिलो. मग डावीकडे एक दिवा दिसला, मी बटण दाबलं.

उजव्या डोळ्याची उजवीकडची बाजू बरीच गेली आहे. डाव्याला नाकाच्या बाजूनं सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस टिकेल, ते बोलले नाहीत.

शुक्रवारी आम्ही अजून सिनेमाला जातो. आता ती माझ्या उजवीकडे बसते. हात मागून घालून पट्टा धरते आणि त्या बाजूनं कोणी आलं की हळूच ओढते. मी दचकत नाही. परवा मध्यंतर झालं, थिएटरातले दिवे लागले, लोक चहाला उठले. पडद्यावर कोणी नव्हतं. मी म्हटलं, “सोड की आता.”

तिनं सोडला नाही. उलट मूठ आणखी आवळली. घाबरलोय तो मी एकटाच, असं मी इतके दिवस समजत होतो.