बिनधास्त चाटवा

मुलांनो, खालच्या मजल्यावरची सायली आज दोन महिन्यांच्या बाळाला मध चाटवत होती. मी तिचा हात धरला.

"अहो आजी, या माणसाला सोन्याचा तारा आहे!" तिने मोबाइल पुढे केला. त्यावर लोकांनी प्रश्न विचारायची एक साइट उघडी होती. तिथे प्रत्येक उत्तराला गुण मिळतात, आणि भरपूर गुण झाले की नावापुढे सोन्याचा तारा. 'बिनधास्त चाटवा' लिहून त्या ताऱ्यावाल्याने लगेच कुणाला तरी गळक्या नळावरही सल्ला दिला होता. मी संतापले. 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला तिथे एकही गुण नाही, म्हणून सगळ्यांना सगळं येतं!

तिला डॉक्टरांना फोन लावायला लावला. "वर्षाच्या आत मध? अजिबात नाही!" ते ओरडलेले मलाही ऐकू आले.

बाळ माझं कोरडं बोट चोखत होतं, तोंडाशी येईल त्यावर विश्वास ठेवून.